छापाचे स्थलांतर

दहीहंडीच्या दिवसांत लालबाग-परळच्या गोविंदा पथकांचे सदरे पाहावेत. पाठीवर मंडळाचे नाव, त्याखाली देणगीदाराचे. ही अक्षरे सदऱ्यावरच छापली असतील असे आपण समजतो. वस्तुतः आता त्यांतली कितीतरी आधी पारदर्शक फिल्मवर छापून मग सदऱ्यावर उतरवलेली असतात. ही युक्ती नवी खरी; परंतु तिच्यामागचा विचार जुना आहे, आणि त्याची एक वाट गिरगावातून जाते.

चित्र एका ठिकाणी उलटे काढावे आणि दाबाने दुसरीकडे सुलटे उमटवावे, हे शिळाछापाचे मूळ तत्त्व. 1894 साली राजा रविवर्मा यांनी गिरगावात आपला शिळाछापखाना काढला. तेथे एकेका रंगासाठी निराळा दगड लागे. त्या काळी गिरण्यांच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबलेही शिळाछापानेच तयार होत. म्हणजे कापडावर चित्र होते, पण ते कागदाचे. ताग्याबरोबर येई आणि अंगावर चढण्यापूर्वीच निघून जाई.

प्रत्यक्ष कापडावर रंग बसवणे हे काम वेगळे. 1783 साली टॉमस बेल याने रूळछपाईचा हक्क नोंदवला. तांब्याच्या रुळावर नक्षी कोरायची, रंगागणिक निराळा रूळ घ्यायचा, जादा रंग पोलादी पात्याने खरवडायचा, शेवटी कापडाला वाफ द्यायची आणि धुवायचे. कोरीव कामाचा खर्च हजारो वार कापड निघाले तरच भरून येई. अशा कामाला मोठे आवार आणि पुष्कळ माणसे लागत. दादरची इंडिया युनायटेड मिल क्रमांक 6, म्हणजे आपली इंदू मिल, ही रंगकामाचीच गिरणी होती. डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी दिलेली जागा ती हीच.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. छपाई मात्र थांबली नाही. ती लहान गाळ्यांतून चालू राहिली. तेथे जाळीचा पडदा आणि रबरी पट्टी असली की भागे. तरी रंगागणिक पडदा करावाच लागे, म्हणून पाचदहा सदऱ्यांचे काम परवडत नसे.

आता फिल्मची रीत पाहू. यंत्र फिल्मवर प्रथम रंगीत चित्र उलटे छापते आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर देते. शाई ओली असतानाच तिच्यावर चिकट द्रव्याची भुकटी पसरतात व ती तापवून वितळवतात. मग फिल्म सदऱ्यावर ठेवून सुमारे 150 ते 160 अंशांच्या उष्णतेत दहापंधरा सेकंद दाबतात. फिल्म सोलली की चित्र कापडावर राहते. पांढरा थर खाली गेल्यामुळे काळ्या सदऱ्यावरही रंग उठून दिसतो. सुती असो वा पॉलिएस्टर, दोन्हींवर ते बसते. दोष एवढाच की रंग धाग्यात मुरत नाही, वर थर होऊन राहतो. चित्र मोठे असेल तर वारा लागत नाही, आणि काम कच्चे असेल तर धुण्यात तडे जातात.

ह्या रीतीने एक मोठी गोष्ट साधली: एका सदऱ्याचीही छपाई परवडू लागली. गल्लीतले वीस पोरांचे मंडळही आपले नाव पाठीवर मिरवू शकते. हा लाभ आम्ही कमी लेखत नाही. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हजारो वारांच्या सक्तीने माणसे एका आवारात आणली होती. एकत्र आली म्हणून त्यांची संघटना झाली, आणि संघटना झाली म्हणून रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी हे शब्द चाळीत पोहोचले. कारखान्यांचे कायदे कामगारांच्या संख्येवर लागू होतात. दोघातिघांच्या गाळ्यापर्यंत ते येत नाहीत.

यंत्र मागे फिरवावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु गिरणी गेली तेव्हा छाप नव्या जागी गेला आणि कामगाराचे हक्क जुन्या जागीच राहिले. ते हक्क त्या लहान गाळ्यापर्यंत कसे न्यावयाचे, हा प्रश्न गिरणगावाच्या इतिहासाने आपल्यापुढे ठेवला आहे.