शस्त्रक्रियेआधीची अट

जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागे अशा रुग्णांचे वजन पुढे घटते, किंवा निदान वाढत नाही, ही गोष्ट शल्यविशारदांच्या परिचयाची होती; परंतु जो आजवर शस्त्रक्रियेचा दोष मानला जाई त्याचाच उपाय करावा, या विचाराने अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी चिकाशी इतो यांच्या साहाय्याने १९६६ साली अतिस्थूल रुग्णाच्या जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याशी जोडला. त्यापूर्वी मिनेसोटात लहान आतड्याचा बराच भाग वगळण्याची क्रिया निघाली होती. ती पुष्कळ प्रचारात आली, आणि यकृताचे विकार व मूतखडे यांपायी मागेही पडली.

उपाय सापडल्यावर तो कोणाला द्यावा, हा प्रश्न ओघानेच आला. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने भरविलेल्या तज्ज्ञपरिषदेने बॉडी मास इंडेक्स ४०, अथवा सोबत गंभीर व्याधी असल्यास ३५, अशी मर्यादा घालून दिली. आणि प्रथमच उपचारासाठी येणाऱ्याचा विचार आधी शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांसाठी व्हावा, असेही सुचविले. हा सल्ला सुज्ञपणाचा होता, यात मला शंका नाही. पण वैद्याच्या तोंडचा सल्ला विमा कंपन्यांच्या दफ्तरात शिरला, तेव्हा त्याची शर्त झाली: अनेक कंपन्यांनी सहा-सहा महिने, काहींनी वर्षभर, वैद्याच्या देखरेखीखाली आहारनियमन केल्याचा महिनेवार दाखला मागावयास आरंभ केला, आणि एखाद्या महिन्याची नोंद राहिली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचीही पाळी अर्जदारांवर आली. कोठे अमुक इतके वजन उतरलेच पाहिजे असा आग्रह, तर कोठे ते उतरून इंडेक्स ३५ च्या खाली गेला की अर्ज नामंजूर. ज्याने वर्षानुवर्षे उपास केले आणि उतरलेले वजन पुन्हा चढताना पाहिले, त्याच्याकडून त्याच अपयशाचा ताजा पुरावा मागणे मला क्रूरपणाचे वाटते.

शल्यविशारदाची अट मात्र निराळ्या जातीची आहे, आणि तिचे मूळ यकृतात आहे. यकृताचा डावा खंड जठराच्या वरच्या भागावर ओणवलेला असतो. अतिस्थूल माणसात तो मेदाने फुगतो, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना त्याला उचलून धरल्यावाचून जठराचा माथा नजरेस पडत नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीचा मार्ग रूढ होऊ लागला, तेव्हा ही अडचण विशेष जाणवली, कारण जड व ठिसूळ यकृत उचलताना फाटून रक्तस्राव होण्याचे भय असते. अत्यल्प उष्मांकाचा, बहुधा पेयरूप आहार दिला असता यकृतातील ग्लायकोजन आणि त्याने धरून ठेवलेले पाणी लवकर ओसरते, मेदही उतरू लागतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ३२ रुग्णांना बारा आठवडे असा आहार देऊन यकृताचे आकारमान मोजले, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार एकंदर घटीपैकी सुमारे ८० टक्के घट पहिल्या दोनच आठवड्यांत झाली होती. देहाला लागतो तो पंधरवडा. उरलेले महिने दफ्तराचे.

या दोन अटी एकाच नावाने वावरत राहिल्याने दफ्तराची अट शास्त्राचे वस्त्र पांघरून टिकली. स्थूलतेवर शस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संस्थेने २०११ साली, आणि अधिक कठोर शब्दांत २०१६ साली, विम्यासाठी सक्तीने करवून घेतलेल्या दीर्घ वजनघटीला शास्त्राधार नाही, ती मनमानी आहे, असे जाहीर केले; पुढे २०२२ मध्ये पात्रतेची मर्यादाही खाली आणून आशियाई लोकांसाठी ती आणखी उतरविण्यात आली, कारण त्यांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो.

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्याच्या अपवादांचा मसुदा एकसारखा केला, तेव्हा त्यात ४० आणि ३५ हे आकडे कायम राहिले, आणि ३५ च्या रुग्णाला सौम्य उपायांनी गुण न आल्याची शर्तही आली. गुण न आल्याचे ठरविण्यास किती महिन्यांचे कागद लागावेत, हे त्या कलमात लिहिलेले नाही.