गुरुत्वमापन, सागरी प्रवाहांचे
खोल सागरी प्रवाहांतील चढउतार उपग्रहांनी नोंदलेल्या गुरुत्वबदलांवरून ओळखण्याची पद्धत. नासा व जर्मनीची अवकाशसंस्था यांनी १७ मार्च २००२ रोजी सोडलेले ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह एकाच कक्षेत सु. २२० किमी. अंतर राखून एकामागोमाग फिरत. खाली वस्तुमान वाढलेले असले की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई. दोहोंमधील अंतराचा हा फरक मायक्रोमीटरपर्यंत मोजला जाई. त्यावरून महिन्यागणिक सागरतळावरील दाब काढतात. पाण्याचा १ सेंमी. थर वाढला, तर तळदाब सु. १ मिलिबारने वाढतो.

पृथ्वीच्या परिवलनामुळे खोल प्रवाह दाबाच्या उताराला काटकोनात वाहतो. म्हणून अटलांटिकच्या पूर्व-पश्चिम काठांवरील तळदाबांतील फरकावरून उत्तर-दक्षिण वहन किती बदलले ते समजते. २००९-१० मध्ये तेथील अभिसरणात आलेली घट ३,००० ते ५,००० मी. खोलीच्या थरात अशीच टिपली गेली व २६.५° उ. अक्षांशावरील समुद्रात नांगरलेल्या ‘रॅपिड’ उपकरणांच्या नोंदींशी ती जुळली.

खरी अडचण काठांचीच. सु. ३०० किमी.हून बारीक तपशील दिसत नाही, शिवाय जमिनीवरील पाणी-बर्फाचा परिणाम त्यात मिसळतो. मिळतो तोही फक्त बदल, प्रवाहाचे एकूण मान नव्हे; त्यामुळे समुद्रात नांगरलेली उपकरणे निकामी ठरलेली नाहीत. ग्रेसचे काम २०१७ मध्ये थांबले. ‘ग्रेस फॉलो-ऑन’ ही उपग्रहांची जोडी २२ मे २०१८ रोजी सोडण्यात आली.