मातानी पछेडी : नवसाचे वस्त्र

गुजरातमधील देवीपूजक समाजाला (पूर्वीचे नाव वाघरी) मंदिराचे दार बंद होते, तेव्हा त्याने कापडाचेच मंदिर उभारले, अशी या कलेच्या उगमाची कथा सांगितली जाते. 'मातानी पछेडी' म्हणजे मातेच्या पाठीमागचे वस्त्र. मध्यभागी देवी, भोवती भक्त, पशुपक्षी, वृक्षवेली. घरातील आजार हटावा, मूल व्हावे म्हणून नवस बोलायचा आणि तो फळला की पछेडी देवीला अर्पण करायची, अशी रीत.

रंग मुळात तीनच. लाल मातेचा, व्याधी दूर करणारा मानलेला, काळा दुष्ट शक्तींना रोखणारा, पांढरा शुद्धतेचा. गंजलेले लोखंड व गूळ पाण्यात आंबवून काळा रंग तयार होतो. चिंचोक्याच्या खळीने तो दाट करतात. लाल रंग उमटावयाच्या जागी तुरटीचे द्रावण लावून कापड आलिझरीन या रंगद्रव्यात उकळतात. मात्र त्याआधी ते वाहत्या पाण्यात धुवावेच लागते, अन्यथा डाग पसरतात. अहमदाबादचे चितारा कारागीर साबरमतीवर विसंबून राहिले ते यामुळेच.

काही देवींकडे तर रोगच नेमून दिलेले. श्वानारूढ हडकाई मातेला पिसाळलेला कुत्रा चावल्यास शरण जातात. (लशीला तिचे वस्त्र पर्याय नव्हे, हे सांगावयास नकोच.)

२०२३ मध्ये भानुभाई चितारा यांना पद्मश्री मिळाली. आज अनेक पछेड्या दिवाणखान्यांत आणि संग्रहालयांत लागतात, नवसाशिवाय.