पायाखालचं बटण आणि एकच नॉब

मागच्या व्याख्यानात आपण व्हॉल्व्हपाशी थांबलो होतो. आज आपला विषय आहे गिटारच्या प्रीअँपमधला चॅनल-स्विच. विषय दिसायला बारीक आहे, पण ज्याच्या हातात असं मोड्यूल येतं, त्याचा पहिला आठवडा बहुधा वैतागात जातो. एक चॅनल गोड लावला की दुसरा बिघडतो, आणि वाटतं की वस्तूच खराब निघाली. वस्तू ठीक असते. ती अशी का वागते याला इतिहास आहे.

सुरुवातीला 'चॅनल' या शब्दाचा अर्थच वेगळा होता. फेंडरच्या साठच्या दशकातल्या अँपवर 'नॉर्मल' आणि 'व्हायब्रेटो' असे दोन चॅनल असत, पण म्हणजे काय, तर दोन वेगवेगळी भोकं. ज्यात जॅक घालाल तो तुमचा चॅनल. वाजवता वाजवता बदलायची सोय नाही. 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडर बेसमनच्या धर्तीवर अँप तयार झाला, त्यातही हीच रचना आली. लोकांनी मग छोटी वायर घालून मार्शलचे दोन्ही चॅनल जोडून टाकले. फेंडरच्या अनेक अँपवर मात्र हा उद्योग फसतो. तिथे व्हायब्रेटो चॅनलला एक टप्पा जास्त असल्याने दोन्ही सिग्नल उलट्या फेजमध्ये येतात आणि एकमेकांना खातात.

तर वादकाची अडचण अशी: कडव्याला स्वच्छ सूर हवा, सोलोला फाटलेला, लांबणारा सूर हवा, आणि हात तर दोन्ही गिटारवर. बरं, फाटलेला म्हणजे बेसूर नव्हे हं. तंबोऱ्याची जवारी लावताना आपण स्वरांश खुलवतो. व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे ढकलला की तोही नवे स्वरांश निर्माण करतो. फक्त त्यासाठी अँप प्रचंड मोठ्याने चालवावा लागे.

ही गाठ कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी सोडवली. त्यांनी आधी गंमत म्हणून बॅरी मेल्टन या गिटारवादकाच्या छोट्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आणि 12 इंची स्पीकर बसवला. कार्लोस सँटाना यांनी तो वाजवून दाद दिली, त्या दादेतूनच 'बूगी' हे नाव पडलं असं सांगतात. पण आमच्या मते खरी झेप पुढची आहे. प्रीअँपमध्ये त्यांनी व्हॉल्व्हचा एक जादा टप्पा घातला आणि टप्प्यांच्या मध्ये नॉब ठेवले. 12एएक्स7 या व्हॉल्व्हचा वर्धनांक सुमारे 100. एकाचा आवाज दुसऱ्यात ओतला की सूर प्रीअँपमध्येच फाटतो आणि शेवटचा मास्टर खाली ठेवता येतो. सत्तरचं दशक संपता संपता आलेल्या 'मार्क टू'मध्ये हा जादा टप्पा पायाच्या बटणाने आत-बाहेर करता येऊ लागला. सुरुवातीच्या रिले बटण दाबताच 'टप्प' असा आवाज करत. नंतर प्रकाशाने चालणारे कपलर आले आणि तो त्रास कमी झाला.

आता इथे लक्ष द्या. 'मार्क टू'मध्ये दोन चॅनल आले, पण बेस, मिडल, ट्रेबलचे नॉब एकाच संचाचे राहिले. शिवाय ते बसवलेत कुठे, तर फाटण्याच्या टप्प्यांच्या *आधी*. लीडला बेस जास्त दिला तर तो पुढच्या टप्प्यांत शिरून चिखल करतो, म्हणून बेस जवळजवळ शून्यावर आणायचा. आणला, की स्वच्छ चॅनल लगेच पातळ, पत्र्यासारखा! म्हणून मग शेवटी पाच पट्ट्यांचा इक्वलायझर आला: 80, 240, 750, 2200 आणि 6600 हर्ट्झ. आधी काढून घेतलेला बेस सूर फाटून झाल्यावर परत द्यायचा. 'मास्टर ऑफ पपेट्स'वरच्या मेटॅलिकाच्या गिटारच्या घट्ट आवाजामागे याच घराण्यातला 'मार्क टू सी प्लस' आहे. म्हणजे ज्याला आपण आज एका शैलीचा आवाज म्हणतो, त्यातला काही भाग एका गैरसोयीवरची मलमपट्टी आहे. लीडला स्वतःचे टोन-नॉब मिळायला 'मार्क फोर' यावा लागला.

मार्शलमध्ये उलट आहे, टोन-नॉब मुख्य गेनच्या नंतर येतात. तिथे बेस वाढवला तर आवाज जाड होतो, पण सूर कसा फाटतो त्यात फारसा फरक पडत नाही.

पुढे ब्रूस एग्नेटर यांच्या रचनेतून, रँडल कंपनीच्या आणि आता सिनर्जीच्या रूपात, सुटे मोड्यूल आले. अख्ख्या अँपचा स्वभाव हाताएवढ्या खोक्यात, आत दोन व्हॉल्व्ह, खाचेत सरकवायचा की झालं. सिनर्जीच्या बऱ्याच मोड्यूलमध्ये दोन चॅनल असतात. गेन आणि व्हॉल्यूम वेगळे, टोन मात्र सामायिक. जुनं भांडण जसंच्या तसं!

म्हणून आम्ही सांगतो, लीडपासून सुरुवात करू नका. आधी सगळे टोन मध्यावर ठेवून स्वच्छ चॅनल ऐका. मग लीडला जा आणि टोनला हात न लावता फक्त गेन फिरवा. बहुतेकदा वाटतो त्यापेक्षा कमी पुरतो. तरी चिखल वाटला तर ब्राइटचं बटण बघा, ते सहसा प्रत्येक चॅनलला वेगळं असतं. बेसला शेवटी हात लावा. आणि दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम जुळवायचे ते कार्यक्रमाच्या आवाजातच. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. रात्री खोलीत, शेजारी झोपलेले असताना बसवलेला 'भरदार' टोन मंचावर घुमतो तो यामुळेच.

इथे मोड्यूल आणलेलं आहे. आता आधी मार्शल पद्धतीचं लावू, मग दुसरं, आणि दोन्हीकडे फक्त बेसचा नॉब फिरवून ऐकू.