बियांच्या पोटातील रोग

वडगावच्या शिवारात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरण्याची रीत आहे. पुढील सालचे बी राख मिसळून गाडग्यात ठेवले म्हणजे त्यास भुंगा लागत नाही, हा पिढ्यांचा अनुभव, आणि तो खराही आहे. परंतु राखेलाही न जुमानणारा एक शत्रू बियांच्या पोटातच दडलेला असू शकतो, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

वनस्पतींच्या विषाणूंचा शोध प्रथम लागला तो तंबाखूवर. निपाणीकरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हॉलंडमधील मायर यांनी १८८६ साली रोगट पानांचा रस टोचून निरोगी झाड आजारी पाडले. रशियातील इव्हानोव्हस्की यांनी १८९२ मध्ये तो रस सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्यातील विष कायम राहिले. जंतूंहून हा प्रकारच निराळा आहे, असे बायरिंक यांनी १८९८ मध्ये सांगितले. मात्र तंबाखूच्या बियांतील गर्भात तो विषाणू सहसा शिरत नाही. तेवढे तंबाखूवाल्यांचे सुदैव!

कडधान्यांचे तसे नाही. १९१९ साली अमेरिकेत रेडिक आणि स्टुअर्ट यांनी दाखवून दिले की, घेवड्याच्या पानांवर फिके-गडद चट्टे उमटविणारा मोझेक रोग बियांवाटे पुढच्या पिढीत उतरतो. वाटाण्यावरील असाच एक विषाणू १९६६ मध्ये चेकोस्लोव्हाकियात आणि पुढच्याच वर्षी जपानात नोंदला गेला. तो मसुरीलाही लागतो. संशोधनासाठी देशोदेशी जाणाऱ्या बियांच्या पुड्यांतूनच त्याने समुद्र ओलांडले. भुईमुगाची कथा याहून वेगळी नाही. चीनहून अमेरिकेत आलेल्या बियाण्यातून उगवलेल्या झाडांवर १९८२ साली एक नवा विषाणू दिसला, आणि त्याच दशकात तो भारतातही आढळला.

वाटाण्यातील हा विषाणू गर्भात शिरतो कसा, याचा उलगडा इंग्लंडमधील नॉर्विच येथे वँग आणि मॉल यांच्या १९९४ च्या संशोधनाने केला. कोवळ्या गर्भाला पोषण पोहोचविणारा एक अल्पायुषी धागा असतो. तो जिरून जाण्यापूर्वी विषाणूने ती वाट गाठली तर तो आत शिरतो. पुढे दार बंद होते. म्हणूनच फुलोऱ्याआधी लागण झालेले झाड अधिक घातक.

शेकडा एकच बी रोगट असले तरी हजार रोपांत दहा रोगी निपजतात, आणि तेही शेतभर विखुरलेले. पुढचे काम मावा करतो. तो पानात सोंड खुपसतो ती काही क्षणच. तेवढ्यात विषाणू सोंडेवर चढतो आणि शेजारच्या रोपात उतरतो. औषध फवारून मावा मरेपर्यंत कार्यभाग उरकलेला असतो.

रोगट बी पुष्कळदा टपोरे व निर्दोष दिसते. सुपात पाखडून ते निवडता येत नाही. निवड करावयाची ती उभ्या पिकातच. फुलोऱ्यापूर्वी शेतात फिरून आखडलेल्या, चट्टेदार पानांची रोपे उपटून बांधाबाहेर न्यावीत. जेथे ती फार आढळली, तेथील शेंगा बियाण्यास न धरता बाजारात धाडाव्यात. खाणाऱ्या माणसाला या विषाणूपासून काही अपाय नाही.