भामिनीचा नकार

मुक्ताईनगर सोडून महामार्गाने पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात मलकापूर येतं आणि विदर्भ लागतो. तो रुक्मिणीचा माहेरचा मुलूख. मराठीत नको असलेल्या सोयरिकीची गोष्ट शोधायची तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलं, तर या मुलीने सुदेव ब्राह्मणाच्या हाती थेट द्वारकेला पत्र धाडलं. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केलं. लग्न जमावं म्हणून उपवर मुलींनी त्याचं पारायण करायचं, ही रीत अजून टिकून आहे. भावाने ठरवलेलं लग्न मोडणाऱ्या मुलीची पोथी घरातली वडीलधारी माणसंच मुलीच्या हाती देतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रंगभूमीवर ही गोष्ट हसत आली ती अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये, १८८२ साली. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देऊ केली आहे, अर्जुन संन्याशाच्या वेषात वावरतो आहे आणि कृष्ण सगळी सूत्रं हलवतो आहे. हे लग्न होणार नाही हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं; ते कसं फिसकटतं हे पाहायला तो बसतो. १८९९ च्या देवलांच्या ‘शारदे’त मात्र नवरा जख्ख म्हातारा आणि बाप पैशाला हपापलेला. तिथे हसू येतं, पण घशात अडकतं.

या तिन्ही कथांत मुलगी बरोबर आणि लग्न ठरवणारे चूक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९११ मध्ये ‘संगीत मानापमान’ लिहिताना हा डावच उलटा मांडला. भामिनी श्रीमंताची लेक. तिच्या बापाने, काकासाहेबांनी, जावई निवडला तो धैर्यधर; शूर सेनापती, पण खिशाने रिकामा. त्याची गरिबी पाहून भामिनी त्याचा पाणउतारा करते, आणि तोही दुखावून श्रीमंतांच्या नावाने बोटं मोडतो. दुसरीकडे दागिन्यांनी मढलेला, भित्रा लक्ष्मीधर आहेच. मग हीच भामिनी साध्या पोरीचा वेष घेते, वनमाला होते आणि धैर्यधराच्या छावणीत जाते. इंग्रजीत गोल्डस्मिथच्या १७७३ च्या नाटकातली केटही अशीच मोलकरणीच्या रूपात नवऱ्या मुलाला पारखते. पण केट पारखते ती समोरच्याला. भामिनीला आधी स्वतःलाच पारखावं लागतं, म्हणून मला ती अधिक जवळची वाटते.

आमच्या भागात स्थळ पाहताना केळी किती हजार खोड, विहिरीला पाणी किती, हे आधी विचारतात. हा सगळा हिशेब मांडायचा तो मुलीच्या बापाने. खाडिलकरांनी तो मुलीच्या तोंडी घातला आणि बापाला माणूस ओळखणारा केलं. मला तरी हेच या नाटकाचं खरं धाडस वाटतं. त्यांचं ‘कीचकवध’ सरकारने १९१० मध्येच बंद पाडलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी हलकंफुलकं प्रेमनाटक दिलं खरं, पण त्यातही पराक्रमाला पैशाच्या वर बसवलंच.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. भामिनी होते बालगंधर्व, ज्यांनी पोरवयात आमच्या जळगावात मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले होते. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरीही ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. गर्वाने धुसफुसणारी, मग प्रेमात विरघळणारी ती श्रीमंत लेक त्यांनी त्या रात्री कशी उभी केली असेल, हे मनात आणणंही जड जातं.

पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले, म्हणजे चढाओढ असलेल्या दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. लोकांनी शंभर-शंभर रुपयांची तिकिटं काढली. तीनच महिन्यांनी केशवराव गेले.

१० जानेवारी २०२५ रोजी सुबोध भावे यांनी हीच गोष्ट चित्रपटात आणली. धैर्यधर ते स्वतः, भामिनी वैदेही परशुरामी. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. लढाया, महाल, घोडे असा थाट वाढला, पण शंभरावर वर्षं उलटूनही कथा अडते ती त्याच जागी: मुलगा शूर आहे, पण त्याच्याकडे आहे काय?