व्यसन नाही, तरी धाप का लागते? चुलीच्या धुराचा इतिहास



आपल्या समाजात कुणाच्या धापेचा किंवा जुनाट खोकल्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमच्या घरात कुणी बिडीला शिवलंसुद्धा नाही, मग हे कुठून आलं?" वाक्य खरंच असतं. व्यसनत्यागाचा नियम आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. पण छातीचा आजार म्हणजे तंबाखूचाच आजार, असं या वाक्यात आपण धरून चालतो. ही समजूत एकट्या आपलीच नाही. बराच काळ ती डॉक्टरांचीही होती. ती कशी बदलली, हे आज लिहिते आहे, कारण या इतिहासात आपल्या आज्या, सासवा आणि आया आहेत.

बिडीचा जिल्हा

मी केशोरीत राहते. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. बाहेरच्यांना गाव आठवतं ते मिरचीमुळे. भोवती जंगल आणि धानाची शेती. उन्हाळा तापला की तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते, आणि पहाटे अंधारात जंगलात गेलेल्या बाया दुपारी अंगणात पानांचे पुडे बांधत बसलेल्या दिसतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात दोन गोष्टी एकत्र आल्या, रेल्वे आणि तेंदूचं पान. त्यातून गोंदिया-भंडाऱ्याचा बिडीधंदा उभा राहिला. गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी तो वाढवला आणि हजारो घरांत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणं हेच बायकांचं रोजचं काम झालं. या कामगारांसाठी 1966 साली बिडी आणि सिगार कामगारांचा वेगळा कायदा झाला. बिडी न ओढताही वळणाऱ्या बाईच्या नाकात तंबाखूची धूळ दिवसभर जाते, हे लक्षात असू द्या.

त्यामुळे आमच्या भागात छातीचा आजार म्हटला की डोळ्यांपुढे बिडी ओढणारा म्हातारा येतो. त्यातच 1950 साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या दोघांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी दाखवला. काम मोलाचंच होतं. पण पुढे दवाखान्यात एकच प्रश्न ठरून गेला, "बिडी-सिगारेट ओढता का?" बाई म्हणाली "नाही", की तिच्या हाती खोकल्याची बाटली.

आपल्या घरातली चूल

आता जुन्या जैन स्वयंपाकघराकडे बघू या. चूल पेटवण्याआधी सरपण झटकून, पुंजणीने पुंजून घ्यायचं, लाकडात किडा-मुंगी राहू नये म्हणून. चुलीवर चंदरवा बांधायचा, वरून एखादा जीव अन्नात पडू नये म्हणून. पाणी गाळायचं आणि उकळायचं. चातुर्मासात, तपाच्या दिवसांत, घरी साधू-साध्वी येणार असतील तेव्हा तर उकळलेल्या पाण्याची मोठी पातेली. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायचं म्हणून संध्याकाळची चूल दुपारीच पेटायची.

ही सगळी यतना होती. पण हिशेब केला तर इतर घरांपेक्षा आपल्या घरची चूल कदाचित जास्तच वेळ जळत असेल. पाणी उकळायला पोळ्यांपेक्षा जास्त सरपण लागतं. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या चातुर्मासात, लाकूड ओलं असतं, धूर दुप्पट होतो आणि दारं-खिडक्या पावसामुळे बंद असतात. चुलीवरचा तो चंदरवा काही महिन्यांत काळाकुट्ट व्हायचा. कापडावर जे बसायचं, तेच चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीतही जायचं. कापड धुता यायचं.

पंधरा कर्मादानांत पहिलं नाव अंगारकर्माचं, म्हणजे भट्ट्या आणि कोळशावर चालणाऱ्या धंद्यांचं. आगीत किती हिंसा आहे, याची जाण आपल्याकडे फार जुनी आहे. पण त्या आगीजवळ सर्वांत जास्त वेळ बसणारा पंचेंद्रिय जीव म्हणजे घरची बाई, आणि तिचा विचार या हिशेबात क्वचितच झाला.

वर्ध्याची मगन चूल

धूर घराबाहेर काढावा, हा विचार आपल्या विदर्भातच आधी रुजला. 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचं ठिकाण आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते. घाणी, हातकागद, मधमाश्या अशा कामांबरोबर तिथे चुलीवरही विचार झाला आणि 1940 च्या दशकात मातीची, धुराडं असलेली 'मगन चूल' पुढे आली. एकाच जाळावर दोन-तीन भांडी, आणि धूर नळीतून छपराबाहेर. पुढे हैदराबादला एस. पी. राजू या अभियंत्यांनी अशाच चुलीवर काम केलं आणि 1953 साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर छोटं पुस्तक काढलं.

या लोकांना धुराचा त्रास डोळ्यांतलं पाणी, काळ्या भिंती आणि वाया जाणारं सरपण यांतून दिसत होता. त्याचा फुप्फुसाशी आणि हृदयाशी काय संबंध आहे, हे दाखवायला एक बाईच यावी लागली.

डॉ. पद्मावती यांचा प्रश्न

डॉ. एस. पद्मावती यांचा जन्म ब्रह्मदेशातला, 1917 चा. त्या रंगूनला डॉक्टर झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानचं आक्रमण झालं तेव्हा कुटुंबाबरोबर भारतात आल्या. पुढे इंग्लंड-अमेरिकेत हृदयरोगाचं शिक्षण घेऊन त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात, म्हणजे बायकांच्या रुग्णालयात, शिकवू लागल्या.

तिथे त्यांना एक आजार वारंवार दिसू लागला. फुप्फुसं जुनाट खराब झाली की त्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. हळूहळू ती बाजू थकते, पायांवर सूज येते, दोन पावलांत धाप लागते. वैद्यकात याला 'कॉर पल्मोनाले' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः पुरुषांचा, ओढणाऱ्यांचा आजार मानला जाई. दिल्लीत मात्र बायकांचं प्रमाण मोठं होतं, आणि त्यातल्या बहुतेकींनी कधी काही ओढलेलं नव्हतं. 1959 साली त्यांनी आणि डॉ. पाठक यांनी 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नंतरच्या कामातून हेही दिसलं की बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कमी वयात गाठतो. बोट गेलं ते चुलीकडे, कारण मुलगी लहानपणापासूनच धुरात बसते.

डॉ. पद्मावती यांना 1992 साली पद्मविभूषण मिळालं. 2020 साली, वयाच्या 103 व्या वर्षी, कोविडने त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे.

धूर नेमका किती, हे मोजण्याचं काम पुढे झालं. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावून, त्या श्वासात घेतात ती हवा तपासली. 1983 साली ते आकडे छापून आले, तेव्हा घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती तरी घाण असू शकते, हे जगाने प्रथमच नीट पाहिलं. लाकूड-शेणीच्या धुरातले सर्वांत घातक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, आतल्या नळ्या सुजवतात, आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं की नळ्या कायमच्या अरुंद होतात. यालाच डॉक्टर सीओपीडी म्हणतात.

सरकारी चूल ते सिलिंडर

1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींची मोहीम काढली, खेडोपाडी लाखो चुली बसवल्या. आपल्याकडे पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे आणि डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी, सुधारित चुलींवर आणि शेतातल्या पाचटापासून कोळसा करण्यावर खूप काम केलं. पण देशभरात पुष्कळ सरकारी चुली टिकल्या नाहीत. धुराडं काजळीने तुंबलं की साफ कोण करणार? मातीला तडा गेला की गवंडी कुठून आणणार? चुलीचं तोंड लहान, त्यामुळे लाकूड बारीक फोडायचं काम पुन्हा बाईच्याच अंगावर. 2002 साली केंद्राने ती मोहीम थांबवली.

2009 साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी लॅन्सेट या नियतकालिकात, कधीही न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, तर चुलीच्या धुरात जगणारे सुमारे 300 कोटी, म्हणून चूल हेच कदाचित या आजाराचं सर्वांत मोठं कारण असेल, असं त्यांनी मांडलं. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही सिलिंडर आला. तरी आमच्या भागात सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल अंगणात, असं चित्र आजही दिसतं. जंगल जवळ आहे, सरपण फुकट मिळतं, टाकी भरायला पैसे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली.

"किती वर्षं चुलीपुढे बसलात?"

माझ्या सासूबाईंना पन्नाशीच्या आतच मंदिराच्या पायऱ्या चढताना थांबावं लागायचं. घरात सगळे म्हणायचे, वय झालं, वजन वाढलं. एका डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, "नाही" ऐकलं आणि टॉनिक दिलं. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला, "आई, चुलीपुढे किती वर्षं बसलात? दिवसाला किती तास?" सासूबाई म्हणाल्या, "चार तास धरा. तीस वर्षं तरी." डॉक्टरांनी कागदावर चार गुणिले तीस, एकशे वीस असं लिहिलं आणि नळीत फुंकायची तपासणी करायला सांगितली. धुराचा हिशेब असाच करतात, रोजचे तास गुणिले वर्षं. त्या फुंकण्याच्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होते. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण पंपाच्या औषधाने आणि धूर बंद केल्याने उरलेलं जपता येतं. सासूबाई आता पायऱ्या चढतात, मधे एकदा थांबून.

म्हणून मैत्रिणींनो, घरातल्या पन्नाशीपुढच्या बाईला तीन महिने खोकला असेल, चढावर धाप लागत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी चुलीची वर्षं आपणहून सांगा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणीही करून घ्या. जुना क्षयही पुढे फुप्फुस अधू करतो.

आज आपल्यापैकी पुष्कळजणींकडे गॅस आहे. तरी धूर वेगळ्या दाराने घरात येतो. डासांची एक कॉईल बंद खोलीत जळते तेव्हा 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडते, असं 2003 सालच्या एका अभ्यासात दिसलं. मच्छरदाणीने धूरही टळतो आणि जीवहिंसाही. पूजेच्या खोलीत धूप-अगरबत्ती जपून लावा, खिडकी उघडी ठेवा. मिरची भाजायची, कांडायची असेल तर अंगणात, तोंडाला पदर बांधून. मिरचीच्या ठसक्याने आजार जडतो असं नाही, पण ज्यांना आधीच दमा आहे त्यांना तो एका मिनिटात उठवतो. धानगिरणीत जाणाऱ्या पुरुषांनाही मास्क द्या. तुसाची धूळ छातीला चांगली नाही. आणि पाणी उकळायला चूल वापरत असाल तर निदान तेवढं काम गॅसवर घ्या. तिथेच सगळ्यात जास्त सरपण जळतं.

बिडी वळणारी, चूल पेटवणारी, आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाईही याच धुरात आहे. तिला विचारा, तुझ्या घरी धुराडं आहे का. चातुर्मासाआधी ज्यांना काही नियम घ्यायचा असेल, त्यांनी हा घेऊन बघावा: एका घरातला धूर या वर्षी कमी करीन. पाण्यातल्या आणि लाकडातल्या जिवांची यतना करायला आपल्याला लहानपणीच शिकवलं आहे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचीही तेवढीच करायची आहे.

जय जिनेंद्र.